आम्हालाही बागपट्टी लावा

काकू : असं कसं नाही लावत? मी स्वतः सांगतेय ना, लाव आम्हाला बागपट्टी!

कारकून : काकू, इतकी वर्षं पट्टीची नोकरी करतोय. माफ करा म्हणून लोक गयावया करतात. लावा म्हणून अजून कुणी मागे लागलेलं नाही.

काकू : मग आज लागलं. बस. पंखा वाढवू का?

कारकून : अहो, पण बागपट्टी कशाची? कॉलनीतल्या झाडांची, हिरवळीची, त्या मेंदीच्या कुंपणाची. वर्षातून एकदा, कॉलनीतल्या प्रत्येक घराला. तुमचं घर कॉलनीत येतच नाही. बेकरीपासून निघालेलं कुंपण तुमच्या फाटकाशी संपतं, हद्दही तिथेच संपते. फुकटात बघा की हिरवळ!

काकू : फुकट बघणाऱ्याला रविवारच्या सभेत मत देता येतं का?

कारकून : छे. मत पट्टी भरणाऱ्यांनाच. अच्छा! म्हणजे कुंपणाचं प्रकरण आहे तर.

काकू : आहेच मुळी. ते उपटून फरशी घालायची टूम काढली कुणी?

कारकून : कापणीचा खर्च वाचेल म्हणतात, पट्टी उतरेल. सभा काय ते ठरवेल. तुमच्या एका मताने असा काय फरक पडणार?

काकू : घरोघरी जाऊन आलेय मी. निम्मे म्हणतात ठेवा, निम्मे म्हणतात काढा. एका मतावर घोडं अडलंय.

काका : (स्वयंपाकघरातून) कुणाचं घोडं?

काकू : कुणाचं नाही हो! तुम्ही चहाकडे बघा, उतू जाईल.

कारकून : हे बघा, एक वाट आहे. घर हद्दीला लागून असेल आणि त्याला बागेचा लाभ होत असेल, तर मालकाने मागितल्यावर पट्टीत घेता येतं. पण लाभ दाखवावा लागतो.

काकू : मग आहे की! सावली पडते.

कारकून : कमरेएवढ्या कुंपणाची? मांजरावर पडत असेल.

काकू : धूळ अडते.

कारकून : इथे वारा उलट्या बाजूने येतो, काकू.

काकू : मन प्रसन्न राहतं.

कारकून : मनाला रकाना नाही हो आमच्याकडे.

काकू : जळला मेला तुझा रकाना! जरा इकडे सरक. आणि हळू बोल. आमच्या ह्यांना आताशा नीट दिसत नाही. सांगत नाहीत, पण दिसत नाही. रोज संध्याकाळी बेकरीत पाव आणायला जातात, एकटेच, ऐटीत. सोबत येते म्हटलं की खवळतात, मी काय कुकुलं बाळ आहे? आणि शर्ट धुते कोण? मी. जाताना डावी बाही हिरवी, येताना उजवी.

कारकून : म्हणजे कुंपणाला हात लावून...

काकू : सुरुवातीपासून शेवटापर्यंत. ते संपलं की आमचं फाटक. तिथे सपाट फरशी झाली, तर हा माणूस उद्यापासून घरात बसेल. आणि घरात बसला की संपला रे. मी ओळखते त्यांना.

कारकून : मग सोपं आहे. हाच लाभ. फक्त, घर कुणाच्या नावावर आहे?

काकू : ह्यांच्या.

कारकून : मग सही काकांचीच लागेल.

काकू : तिथेच तर गोची आहे! मी विषय काढला की त्यांना कळेल, मला कळलंय म्हणून. किती मेहनतीने लपवतायत बिचारे.

काका : चहा घ्या. साखर आपापली घाला. डोळे अधू झालेत माझे, कान नाही.

काकू : अगंबाई!

काका : कधीपासून माहीत आहे तुला?

काकू : हिवाळ्यापासून.

काका : आणि तरी जाऊ देत होतीस?

काकू : मग काय करू? फाटक वाजल्याशिवाय गॅस पेटवायचं सुचायचं नाही मला. जीव नुसता टांगणीला.

काका : म्हणून जेवायला उशीर होय! मला वाटलं, आळशी झालीस.

काकू : वाटणारच!

कारकून : काका, पट्टी दर वर्षी भरावी लागेल हं. एकदा आत आलात की सुटका नाही.

काका : भरू. काठी घेतली असती, तर तिला काय दर वर्षी पालवी फुटणार होती?

कारकून : मग लाभ काय लिहू?

काका : खरं ते लिही. मालक कुंपणाला हात लावून घरी येतो.

काकू : अहो, सभेत वाचतील ते. सगळ्यांसमोर.

काका : वाचू देत. मी लपवत होतो ते तुझ्यापासून. तुलाच कळलंय, मग आता उरलं कोण?

काकू : बरं, इकडे. माझं बोट आहे ना, त्याच्या पुढे करा सही.

काका : कळलं. आता काढ ते बोट, नाहीतर नखावर होईल.

कारकून : झालं! येतो, काका. रविवारी सभेला या दोघंही.

काका : थांब. माळ्याला एक निरोप सांग.

कारकून : काय?

काका : बेकरीच्या जवळचं एक झुडूप वाळलंय. तिथे नवीन लाव म्हणावं. तेवढ्या जागेत हात सुटतो.