सुनंचा कंप्युटर

जन्म माझा मानवतचा, दिली वालूरला. बाप मोंढ्यात हमाल व्हता, आन काय सांगू तुमाला, शक घेणं मला त्याच्याकडूनच आलं, त्यो म्हणायचा पोतं वरून बघू नको, मधी हात घालून बघ. म्हणून मी अजून बी मडकं ठोकून घेते, तेल हुंगून घेते. अंगणवाडीत खिचडी शिजवण्यात उमर गेली, तिथं बी तांदूळ पसरून बघितल्याबिगर चुलीवर ठिवला न्हाई.

पोरगं संदीप पुण्याला कंपनीत हाय. त्यानं आपल्या मनानं लगीन केलं स्वातीसंग, ती मराठ्याघरची, आमी बौद्ध, तिच्या माहेरानं तवाच तोंड फिरवलं. आमच्यात सासऱ्यानं दीक्षा घेतली तवापासून नारळ-कुंकू बंद, बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची, बस. स्वाती हितं माझ्यापाशीच ऱ्हाती, ही बी लावती मेणबत्ती. पण माझा सोभाव असा, ती घरात नसली की मी तिची पेटी उघडून बघायची, आत देव तर न्हाईत ना. कधीच निघाले न्हाईत.

मंग तिनं देवगाव फाट्यावर दुकान टाकलं, सातबारा काढून देणं, पोरांचे फॉर्म भरणं. कंप्युटर आणायला मानवतला आमी दोघीच गेलो. मी दुकानदाराला इचारलं नवाच हाय ना, तर त्यो हसला, म्हणला मावशी, हे वारंटीचं स्टिकर आत्ताच लावलंय माझ्या हातानं, निघालं तर वारंटी गेली. आता त्या डब्याला ठोकून तरी काय कळणार, आणला.

आठवडा बी सरला न्हाई तर डबा बंद. दुकानात फॉर्मवाली पोरं खोळंबलेली, एकएक उठून शेजारच्या दुकानात जायलेली, आन स्वातीच्या डोळ्यात पाणी. म्हणली आत्या, हे दुकान बसलं तर माझ्या माहेरचे म्हणतील बघा, सांगितलं व्हतं. मला बी लय वाईट वाटलं.

डबा घेऊन मानवतला गेलो. दुकानदारानं उलटापालटा करून बघितला, आन स्टिकराच्या कडंला बोट लावून म्हणला हे लाल काय हाय? कुंकू. पूजा केली, नारळ फोडला, पाणी आत गेलं, वारंटी बसत न्हाई. मी म्हणणार व्हते आमच्यात नारळ फोडत न्हाईत, पण त्ये लाल मला बी दिसलं, आन माझी नजर गेली सुनंकडं. तिला कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

मंग तिनं डबा वढून घेतला, नखानं स्टिकर सोलून काढलं. खाली कुंकवाचं अख्खं बोट उठलेलं, अक्षता चिटकलेल्या. म्हणली स्टिकर तुमीच लावलं ना तुमच्या हातानं? मंग त्याच्या खाली आमी कुंकू कसं लावलं? कुणीतरी नेलेला, पूजा केलेला, बिघडला म्हणून वापस आलेला डबा, त्यानं वरवर पुसून, ऱ्हायलेल्या कुंकवावर स्टिकर चिटकवून आमच्या गळ्यात मारला व्हता. मी आवाज चढवला, माणसं गोळा झाली, तवा कुठं त्यानं आमच्या समोर पुठ्ठ्याचा खोका फोडून दुसरा दिला.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. फाटा जवळ आला तवा म्हणली, आत्या, त्याचं जाऊ द्या, त्यो परका. तुमी काहून माझ्याकडं बघितलं? मी पिशवीतलं पाणी काढून तिच्या हातात दिलं.

आता दुकान बरं चालतंय. पण तवापासून ती जाताना पेटीचं झाकण उघडं टाकून जाती, रोज. पहिल्या दिवशी वाटलं इसरली. मंग उमगलं, हिला ठावं व्हतं सगळं. आता ती गेली की मीच उठून झाकण लावते, आत न बघता. बरकत येऊ दे पोरीच्या हाताला, आन काय.