मुद्दाम केलेली चूक

काकू : तिसरा दिवा आणलाय यांनी. टेबलावर एक, खांद्याशी एक, आणि आता हा बगळ्यासारखी मान वाकवणारा. कामाच्या खोलीत शिरलं की वाटतं, दातांच्या डॉक्टरकडे आलोय. आपोआप तोंड उघडतं माझं.

संपादक : हळू बोला काकू. काका आतच आहेत.

काकू : आत आहेत म्हणून तर बोलतेय. कान शाबूत आहेत त्यांचे.

संपादक : हं.

काकू : चहा घे. आणि आल्यापासून ते पाकीट मांडीवर घेऊन बसलीयस, काय आहे त्यात?

संपादक : आपल्या मासिकाला आलेली मुलांची पत्रं. 'चूक शोधा'ची. या महिन्यात दोनशे अकरा आली.

काकू : आणि खालचा तो लांब कागद?

संपादक : पुस्तकाची यादी. 'तळ्याकाठचे चाळीस पक्षी'. सुट्टी लागायच्या आत मुलांच्या हातात पडायला हवं. कार्यालयात सगळ्यांचं म्हणणं पडलं की या वेळी चित्रं नव्या मुलीकडून काढून घ्यावीत. मी म्हटलं, आधी मी काकांशी बोलते.

काकू : मग बोल.

संपादक : तुम्हीच बोला ना. तुम्ही घरच्या.

काकू : घरची म्हणून हे माझ्याच गळ्यात? मी काय करते माहितीय? त्यांच्या रंगांच्या नळ्यांना दोरे बांधते. हिरव्याला एक गाठ, तपकिरीला दोन. त्यांनी विचारलं, हे काय, तर मी म्हटलं, नळ्या घरंगळतात हो टेबलावरून. त्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. असं चाललंय आमचं.

संपादक : माझं तरी काय वेगळं? आठ महिन्यांपूर्वी त्यांनी सहा पायांचा कोळी काढला. अंक मुलांच्या घरी पोचला तेव्हा माझ्या लक्षात आलं. पत्रांवर पत्रं. 'कोळ्याला आठ पाय असतात, हे तुम्हीच शिकवलंत.' काय करणार? पुढच्या अंकात छापून टाकलं, शाब्बास, ती चूक मुद्दाम ठेवली होती, पाच जणांना भिंग बक्षीस. काकांना सांगितलं, मुलं जाम खूश आहेत, आता दर महिन्याला चित्रात एक चूक मुद्दाम करत जा. तेव्हापासून मी निर्धास्त. काहीही चुकलं तरी स्पर्धेत खपून जातं.

काकू : डोकेबाज आहेस.

संपादक : पण पुस्तकात स्पर्धा कुठून आणू? एखादं मूल आयुष्यातला पहिला खंड्या त्या पानावर बघणार. तो बरोबरच हवा.

काकू : खुर्ची सरकली बघ. येतायत. तूच बोल.

(काका आतून येतात. दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबतात, मग खुर्ची ओढून बसतात.)

काका : दोघींचा आवाज मघाशी एकदम बारीक झाला. म्हणजे विषय मीच.

काकू : दिव्यांबद्दल बोलत होते.

काका : दिव्यांचं खणखणीत ऐकलं. पुढचं नाही आलं ऐकू. संपादकबाई, पत्रं आणलीस? वाच एखादं.

संपादक : हे एका तिसरीतल्या मुलीचं. 'चित्रकारकाका, तुमचं बदक मला आवडलं. तुमची चूक सापडली. नराचं डोकं हिरवं पाहिजे, तुम्ही तपकिरी केलंत. मी शाळेतून येताना पुलावर थांबून खरी बदकं बघितली. आता मी रोज थांबते. आधी थांबत नव्हते.'

काका : शेवटचं परत वाच.

संपादक : 'आधी थांबत नव्हते.'

काका : तीस वर्षं या मासिकात चित्रं काढली. पत्रं यायची, काका, चित्र छान आहे. छान म्हणायला बघावं लागत नाही, माझे मेहुणे न बघताच म्हणतात. आता बघतात कार्टी. हं, आणखी काय सापडलंय?

संपादक : तेवढंच. एकच चूक होती ना.

काका : खालचं पत्र वाच.

संपादक : त्यातही तेच आहे.

काका : वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका काल जिन्यात भेटल्या. त्यांच्या वर्गाने चार काढल्या. डोकं तपकिरी, एका पायाच्या बोटांत पडदा नाही, शेपटीवरचं कुरळं पीस गायब, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात चोच भलतीकडे. म्हणाल्या, एक शोधायला सांगता आणि चार लपवता, वस्ताद आहात. मी म्हटलं, आहेच.

संपादक : काका, मी...

काका : थांब. तू मला काय सांगितलं होतंस? दर महिन्याला एक चूक मुद्दाम करा.

संपादक : हो.

काका : मी एकदाही केली नाही.

काकू : म्हणजे?

काका : सात महिने, सात चित्रं. प्रत्येक वेळी बिनचूक काढायचं ठरवून बसलो. म्हटलं, बघू या पोरं काय म्हणतात. एका महिन्यात तरी पत्र यावं, 'काका, आम्ही हरलो, चूक सापडत नाही.' त्या पत्रासाठी एकेक दिवा वाढवत गेलो. दर महिन्याला तू येऊन एक चूक वाचून दाखवायचीस, आणि बाकीच्या चुका मी जिन्यात त्या शिक्षिकांना विचारून यायचो.

काकू : आणि मी खुळ्यासारखी दोरे बांधत बसले.

काका : दोऱ्यांचा फार उपयोग झाला गं. बदकाच्या वेळी तेवढा घोटाळा झाला. हिरव्याला गाठ एक की दोन, हेच विसरलो.

काकू : तुम्हाला ठाऊक होतं?

काका : नळ्या लग्नाआधीपासून घरंगळतायत. तेव्हा नाही बांधलास कधी दोरा.

काकू : मग बोलायचं ना एका शब्दाने.

काका : बोलणार होतो. पण दोघी इतक्या मन लावून थापा मारत होतात, मोडता घालायचं जिवावर आलं. इतकी मायेची थाप मला आजवर कुणी मारली नव्हती. आता तो लांब कागद काढ.

संपादक : कोणता?

काका : मघापासून चुरगाळतेयस तो. आवाज येतोय.

संपादक : पक्ष्यांच्या पुस्तकाचा आहे. सगळ्यांना वाटतं की... एक नवी मुलगी आहे, काका. तुमच्याच चित्रांवर वाढलेली. जुने अंक बांधून ठेवलेत तिने. म्हणाली, काकांना विचारल्याशिवाय मी पेन्सिल उचलणार नाही.

काका : पाय बरोबर काढते?

संपादक : काढते.

काका : उद्या घेऊन ये तिला. कपाटात तळ्याकाठी भरलेल्या बावीस वह्या आहेत. पक्षी समोर बसलेला असताना काढलेली चित्रं, नुसती पेन्सिलीने. रंग शेजारी शब्दांत लिहिलेत. 'चोच पिकल्या लिंबासारखी, टोकाशी काळपट.' तिने काढावं, मी शेजारी बसून सांगेन. मासा पकडल्यावर खंड्या तो फांदीवर कसा आपटतो, किती वेळ आपटतो, ते तिला कुठून माहीत असणार?

संपादक : मलाही नाही माहीत.

काका : मग तूही बस. चाळीस वेळा चहा करावा लागेल हिला.

काकू : करीन. त्याचं काय एवढं.

संपादक : काका, मी तुम्हाला कोळ्याच्या वेळीच सांगायला हवं होतं.

काका : त्याच दिवशी ब्रश धुऊन ठेवला असता मी. ही सात चित्रं झाली नसती. ती पोरगी पुलावर थांबली नसती. तू मला सात महिने दिलेस, बाई. चुका माझ्या आणि शाबासकी पोरांना, असा सौदा कुणाच्या नशिबी येतो?

काकू : रडू नकोस आता. चहात पडेल.

काका : रडतेय का ती? मग आधी कागद घे. मुलांना पत्र लिहायचंय, याच अंकात छाप. लिही, 'मित्रांनो, सात महिन्यांत तुम्ही माझ्या चित्रांत एकवीस चुका शोधल्यात. त्यातली एकही मुद्दाम केलेली नव्हती.'

संपादक : ...नव्हती.

काका : 'मी चित्र काढलं आणि तुम्ही ते खऱ्या बदकाशी ताडून पाहिलंत. चित्रकाराला याहून जास्त काही मिळत नाही. मी तुमचा आभारी आहे.'

संपादक : लिहिलं. पण मुलं विचारणार, मुद्दाम केल्या नाहीत तर मग झाल्या कशा?

काका : विचारणारच. आपणच शिकवलंय त्यांना विचारायला.

काकू : घाईत होते, असं लिही.

काका : अगं, पाय मोजणारी पोरं ती. त्यांना घाई पटायची नाही.

संपादक : मग काय लिहू, काका?

काका : लिही, 'मला आता नीट दिसत नाही.'