गेनूआप्पांचा टाळ आणि घड्याळाची शाबासकी

ऐका हो मंडळी! एक विचारतो, खरं सांगा — तोंडावर ‘वा वा’ करणारा आपला, की ‘गड्या, चुकतंय तुझं’ म्हणणारा? चूक दाखवणारा? अस्सं! मग काल सूनबाई ‘मामंजी, मीठ कमी घ्या’ म्हणाली, तेव्हा ताट कुणी ढकललं? नाव घेत नाही — पहिल्याच रांगेत बसलेत!

तर डोंगराखालच्या एका गावात होते गेनूआप्पा. भजनातले पट्टीचे टाळकरी! भैरोबाच्या पालखीला पहिला खांदा त्यांच्या घराण्याचा. अख्खा डोंगर चढायचा, मंडळी! पण साखर वाढली, छाती भरून यायला लागली. डॉक्टर म्हणाले, “रोज चाला. अंगात ताकद आली तरच खांदा द्या. नाहीतर डोंगराचं नाव काढू नका!”

लेकीनं मनगटी घड्याळ पाठवलं. त्याला जोडलेलं मोबाईलमध्ये ॲप, ॲपमध्ये तो एआय! पावलं मोजतो, नाडी बघतो, वर मराठीत सल्लाही देतो! आप्पा पहिल्या दिवशी वेशीपर्यंत गेले, धापा टाकत आले. संध्याकाळी देवळात भजनाला बसले. मनगटाला घड्याळ, हातात टाळ — छन्न छन्न छन्न! भजन संपतंय तोच मोबाईल बोलला, “शाबास आप्पा! आज भरपूर चाललात!”

अरे! टाळाचा प्रत्येक झटका त्याला पाऊलच वाटला की! मांडी मोडली नाही, आणि पावलांचा ढीग! मग काय — चालणं बंद, भजन डबल! मोबाईल दाखवत आप्पा गावभर मिरवले — तेवढंच काय ते चालणं! गाव म्हणालं, “आप्पा, पैलवान झालात!”

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी मोबाईल पुन्हा बोलला. आप्पांच्या कारभारीण गजराबाई तिथंच भाकरी थापत होत्या. “आप्पा, इतक्या दिवसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या. पावलं खूप, पण नाडी बसलेल्या माणसाची! हात चालले, पाय चालले नाहीत असं दिसतं. माझी शाबासकी चुकली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उद्या चढू नका.”

‘माझी शाबासकी चुकली!’ आपल्यातलं कुणी म्हणतं का हो असं?

आप्पा भडकले. “हे डबडं मला खोटं पाडतंय? बापजाद्यांचा मान आहे माझा!”

गजराबाई म्हणाल्या, “अवं, मान ऱ्हाईल. पर निम्म्या डोंगरावर छातीत कळ आली, तर पालखी कुणी सावरायची? आन् मला कुणी सावरायचं?”



यात्रेचा ढोल कडाडला! “आप्पा, खांदा!” सगळं गाव बघतंय! आप्पांनी पुतण्याला पुढं ओढलं, हात जोडले आणि म्हणाले, “मी चाललोच नाही. बसून टाळ वाजवला. औंदा खांदा हा देईल.”

दुसऱ्या दिवसापासून भजनाला घड्याळ काढून, चालायला घड्याळ बांधून! एआय म्हणायचा, “दम लागला, थांबा,” — थांबायचे. “आज वडापर्यंत जमेल,” — जायचे! पुढच्या यात्रेआधी डॉक्टरांनी तपासलं, मान डोलावली. अहो, पालखी आप्पांच्या खांद्यावर, आणि आप्पा डोंगरमाथ्यावर! कळसासमोर मोबाईल बोलला, “आप्पा, आज पाय चालले!” आप्पा ढसाढसा रडले हो!

आता माझ्याकडे बघा. मघापासून टाळ्या वाजवताय, माना डोलवताय. फार गोड! पण तो वरचा नुसते हात मोजत नाही, नाडीही बघतो! भावाशी अबोला धरलाय ना? त्याच्या दारापर्यंत उद्या कोण चालणार? बोला, भैरोबाच्या नावानं चांगभलं! — बसून नाही हो, उठून!