चिंचमैदानावरचं दुकान

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आणि चिंचमैदान फुटबॉल क्लबच्या आजवरच्या सगळ्यांत कडक अध्यक्षा, आदरणीय इंदुताई. या शॉपिंग सेंटरचे व्यवस्थापक आणि हे वरच्या मजल्यावरचं सभागृह आपल्यासाठी मोकळं करून देणारे श्री. सौरव पावशे, व्यासपीठावर नको नको म्हणत शेवटी बसलेले आपले सत्कारमूर्ती, आमचे प्रशिक्षक बसवंतअण्णा आणि त्यांच्या शेजारी सौ. अंबुबाई, पहिल्या रांगेतले मष्णूकाका, वडगाव, शहापूर, टिळकवाडीहून आलेली मंडळी, कंग्राळीहून टेम्पो करून आलेली आमची खेळाडू मुलं-मुली, आणि खाली खरेदीला आले होते पण माइकचा आवाज ऐकून वर आलेले अनोळखी पाहुणेहो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी मंजुश्री. खाली सरकत्या जिन्याच्या मागे आपल्या क्लबचं जे जर्सी-मफलरींचं दुकान आहे, ते मी चालवते. त्याआधी अण्णांनी उभ्या केलेल्या मुलींच्या पहिल्या संघात मी डाव्या बाजूला बचावाला खेळत होते. अण्णा आम्हाला शिकवायचे मराठीत आणि रागवायचे कानडीत. त्यामुळे माझं कानडी फार चांगलं झालं आहे.

निरोपाच्या भाषणात माणसाचे गुण सांगायचे असतात. ते काम इंदुताईंचं. मला फक्त एक हकिकत सांगायची आहे. ती सांगू का, असं मी अण्णांना काल विचारलं. ते म्हणाले, "सांग. पण मला रडवू नको." तेव्हा मंडळी, मी प्रयत्न करणार आहे.

आपण आता जिथे बसलो आहोत, त्याच्या खाली मैदान होतं. आमच्या लहान खेळाडूंना हे सांगितलं की ती मान हलवतात, पण त्यांना ते दिसत नाही. दिसणार तरी कसं? एका कोपऱ्यात चिंच, पलीकडे वडगावच्या गल्ल्या, आणि तिकडून दिवसभर येणारा विणकरांच्या मागांचा आवाज. थंडीच्या दिवसांत पहाटे धुकं कमरेएवढं उभं राहायचं. खेळणाऱ्यांचे पाय दिसत नसत. कमरेपासून वरची जांभळ्या शर्टांची माणसं धुक्यावर तरंगत इकडून तिकडे जायची, आणि चेंडू कुठे आहे ते फक्त आवाजावरून कळायचं. मी शाळेत जाताना थांबून ते बघत असे. हे लोक दुसऱ्या कुठल्या तरी जगात राहतात आणि सकाळपुरते आपल्याकडे येतात, असं मला वाटायचं.

जांभळाच रंग का, असं पुष्कळ जण विचारतात. अण्णा विणकर. साड्यांच्या सुताला लावून उरलेला रंग जांभळा होता, त्यात पांढरे शर्ट बुडवले. एवढंच त्यामागचं तत्त्वज्ञान!

ती जागा टिळकवाडीतल्या एका कुटुंबाची होती. दोन पिढ्या त्यांनी आपल्याला तिथे खेळू दिलं. पुढे भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या आणि जागा विकली गेली. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जागा त्यांची होती. आपला क्लब कंग्राळीला, पीक निघालेल्या एका शेतात गेला. नाव तेवढं चिंचमैदानच राहिलं. इथे इमारत उभी राहिली, काचा लागल्या, दिवे लागले. सगळं बेळगाव बघायला आलं. अण्णा आले नाहीत. त्यांनी शपथ वगैरे घेतली नव्हती. पण वडगावातून स्टँडकडे जायचं झालं तर ते शहापुरातून वळसा घालून जात. अंबुबाई सोबत असल्या तर त्याही मुकाट्याने तो वळसा घालत. व्हय की नाही हो, आक्का?

मग दुकानाची गोष्ट निघाली कुठून? ती अण्णांमुळेच निघाली, आणि हे त्यांना आजही मान्य नाही. एके सकाळी आमची तेजस्वी सरावाला आली ती परदेशातल्या कुठल्याशा क्लबचा शर्ट घालून. अण्णांनी छातीवरचं नाव निरखून बघितलं.

"हे गाव कुठं आलं गं?"

तेजस्वी मान वाकवून छातीवरचं नाव वाचायला लागली.

"मग आपला शर्ट का न्हाय घातलास?"

"आपला कुठं मिळतोय, अण्णा?"

अण्णांनी शिट्टी मारून सराव सुरू केला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. त्याच सुमारास सौरवसाहेबांनी इथला एक बंद पडलेला गाळा क्लबला देऊ केला. कमिटीत मी विषय मांडला. सगळ्यांना पटला. अण्णा उठून उभे राहिले.

"दुकान काढा. पण तिथं न्हाय."

मी म्हणाले, "अण्णा, जागा तिथंच मिळतेय. आणि आपलं नाव त्या मातीवर परत लागेल की."

"माती कुठं ऱ्हायली, मंजू? मी त्या इमारतीत पाय ठेवणार न्हाय. तुम्ही ठेवा."

त्या दिवसापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. मैदानावर मी त्यांच्या शेजारी उभी असले तरी ते तेजस्वीला हाक मारायचे, "तिला सांग, बॉलात हवा कमी हाय." तेजस्वी माझ्याकडे बघायची. मी हवा भरायचे. आज याला आपण हसतो आहोत, पण त्या काळात मी घरी जाऊन जेवत नसे. ज्या माणसाने आमच्या वडिलांसमोर बसून, पोरीला खेळू दे म्हणून शब्द टाकला, तो माणूस आपल्याशी बोलत नाही. काय करायचं दुकानाचं?

दुकान सोडून द्यावं असं सांगायला मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. अण्णा नव्हते. अंबुबाई मागावर बसल्या होत्या आणि मागावर साडी नव्हती. जांभळ्या सुताची मफलर होती, दोन्ही टोकांना साडीसारखा बारीक काठ. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती लांब लागते गं गळ्यात घालायला?"

"आक्का, अण्णांना ठाऊक आहे?"

"मी न्हाय सांगितलं."

आता मंडळी, वडगावातल्या विणकराला ही गोष्ट सांगावी लागते का? आपल्या घरच्या मागाची चाल त्याला झोपेतही ओळखू येते. अण्णा रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी येत, थोडा वेळ थांबून तो बदललेला आवाज ऐकत आणि उलट वळून चहाच्या टपरीवर जाऊन बसत. आवाज थांबला की मग घरी. हे मला टपरीवाल्याने पुढे सांगितलं. काहीतरी चाललंय हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याला हात लावत नव्हती. मी दुकान सोडलं नाही.

उद्घाटन अंबुबाईंच्या हस्ते झालं. काचेत जांभळे शर्ट लटकले होते, मफलरी घडी घालून मांडल्या होत्या. पोरं दारात नाचत होती. अण्णा त्या वेळी कंग्राळीच्या शेतात होते. सरावाला एकही पोर नव्हतं, सगळी इथे होती. त्यांनी एकट्याने चुन्याच्या फक्कीने मैदानाच्या रेषा मारल्या आणि ते घरी गेले.

आता मष्णूकाकांची परवानगी घेऊन पुढचं सांगते. मष्णूकाका म्हणजे आपल्या क्लबचे एके काळचे सेंटर फॉरवर्ड, अण्णांचे जन्माचे दोस्त. अलीकडे त्यांना कधी कालचं आठवत नाही, आणि कधी फार पूर्वीचं आजचं म्हणून आठवतं. त्यांची मुलगी मंगल त्यांना चपला घ्यायला इथे घेऊन आली. दुपारची वेळ होती. वरच्या काचेच्या छतातून ऊन खाली उतरलं होतं आणि फरशीवर पाणी सांडल्यासारखं पसरलं होतं. काका आमच्या दुकानासमोर येऊन थांबले ते थांबलेच. काचेतल्या शर्टांकडे बघत म्हणाले, "टीम आली. अण्णा कुठाय?"

मंगलने समजावलं, "बाबा, चला घरी." ते हलेनात. "अण्णा आल्याबिगर म्याच कशी सुरू हुईल?"

मी अण्णांना फोन लावला. मी बोलले तर ते ठेवून देतील, म्हणून फोन मंगलच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "बाबा तुम्हाला बोलवाय लागल्यात."

आणि अण्णा आले. अंगावर कामाचाच सदरा होता, त्याला सुताचे धागे चिकटलेले. काचेच्या दारापाशी ते थबकले. आपल्या इथल्या पहारेकरी शामूने दार उघडून धरलं. अण्णांनी एकदा खाली फरशीकडे बघितलं आणि पाय आत टाकला.

"काय, मष्णू?"

"लई उशीर केलास. टॉस झाला. आपण चिंचेकडची बाजू घेतली."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बाबा, हे मैदान नव्हं..." अण्णांनी हातानेच तिला थांबवलं.

"चिंचेकडची? मग ऊन डोळ्यावर येतंय की रं."

"ढग हाईत."

दोघांनी वर बघितलं. छताच्या काचेवर खरंच एक ढग आला होता, आणि फरशीवरचं ऊन हळूहळू विझत गेलं.

मग ते दोघं चालायला लागले. सुरुवातीला अण्णा नुसते मित्राच्या मागोमाग जात होते. आइस्क्रीमच्या काउंटरपाशी काका म्हणाले, "हितं खड्डा हाय, जपून." अण्णा त्या सपाट फरशीवर जपून चालले. आणि मग, कुठे ते मला सांगता येणार नाही, अण्णांची चाल बदलली. तेच पुढे झाले. चपलांच्या दुकानाशी थांबून म्हणाले, "ही मधली रेघ." कपड्यांच्या ट्रायल रूमकडे बोट करून, "ही आपली डावी बाजू." सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी ते वाकले, फरशीला हात लावला आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"मंजू, बॉल आण."

मंडळी, कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले होते. मी दुकानात धावले, मांडणीतला चेंडू काढला आणि आणून दिला. अण्णांनी तो मष्णूकाकांच्या पायाशी ठेवला. कुणी काही न सांगता माणसं दोन्ही बाजूंना सरकली. पिशव्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळे. शामू पळत आला, त्याचं कामच ते. अण्णा त्याला म्हणाले, "तू गोलात हुबा ऱ्हा." शामूने माझ्याकडे बघितलं, साहेबांच्या केबिनकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि तो दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. सौरवसाहेब, तुम्ही केबिनच्या बाहेर आला होता. हात मागे बांधून उभे राहिलात आणि कुणाला अडवलं नाहीत. त्याचे आभार मी आज सर्वांसमोर मानते.

काकांनी मारला. जोर नव्हता. चेंडू हळूहळू, फरशीवर मऊ आवाज करत गेला. शामूने गणवेशातच खरोखरची झेप घेतली आणि तो चुकला. मुद्दाम चुकला की खरंच, हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. चेंडू खांबांमधून गेला. अण्णांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. सरकता जिना तेवढा चालू होता, बाकी सगळं थांबलं होतं. काकांनी एक हात वर केला, आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुकानात स्टुलावर बसल्यावर काकांनी चहा मागितला. दोन घोट घेतले, चारी बाजूंना बघितलं. या वेळी त्यांची नजर आजचीच होती. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "अण्णा, मैदान कुठं गेलं रं?"

अण्णा म्हणाले, "हितंच हाय, मष्णू. वर दुकानं बांधल्यात."

"बरं हाय मग," असं म्हणून काकांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

निघताना अण्णांनी मांडणीतली एक मफलर उचलली, काठ बोटांत धरून उजेडाकडे केला. "चांगलं विणलंय," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "घरी सांगा तसं." तर म्हणाले, "आज सांगतो." त्या संध्याकाळी ते टपरीवर बसले नाहीत. माग चालू असतानाच घरात गेले.

तेव्हापासून अण्णा दर आठवड्याला दुकानात येऊ लागले. नवीन पोरं आली की ते त्यांना घेऊन या इमारतीतून हिंडतात, मधली रेघ कुठे, गोल कुठे ते दाखवतात. मी म्हटलं ना, पोरांना मैदान दिसत नाही? अण्णा सोबत असले की दिसतं. मी स्वतः पाहिलं आहे, पोरं चपलांच्या दुकानापाशी रेघ ओलांडल्यासारखी उडी मारतात.

आता अण्णा आणि अंबुबाई जांबोटीला निघाले आहेत, आक्कांच्या माहेरच्या भाताच्या शेतावर. तिथे एवढा पाऊस, एवढं रान, फुटबॉलला सपाट जागा कुठली, असं मी विचारलं. म्हणाले, "चढावर खेळल्यालं पोरगं सपाटीवर कुणाला गावत न्हाय." म्हणजे निरोप आपण देतो आहोत, ते काही घेत नाहीत. सराव यापुढे तेजस्वी घेईल. तिच्या अंगावरचा आजचा शर्ट सगळ्यांनी बघावा.

एक शेवटचं. काल अण्णा दुकानात आले आणि गिऱ्हाइकासारखे काउंटरसमोर उभे राहिले. "एक शर्ट दे. पाठीवर नाव घालून मिळतंय न्हवं?" मला वाटलं, स्वतःचं नाव घालतील. घालावंच त्यांनी. मी विचारलं, "काय नाव?"

"अंबुबाई घाल."

मी मान खाली घालून अक्षरं जुळवली. मग विचारलं, "आणि नंबर?"

अण्णा म्हणाले, "कुठला बी घाल. ती सगळ्याच जागी खेळलीया."

तो शर्ट आक्कांच्या मांडीवरच्या पिशवीत आहे. सगळ्यांनी एकदम तिकडे बघू नका, त्या लाजतील.

अध्यक्षांनी घंटीकडे दोनदा हात नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला, त्याबद्दल त्यांची मी ऋणी आहे. आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून धन्यवाद. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानाचा शब्द कमी पडला असेल, तर लेक समजून पदरात घ्या. आणि अण्णा, रडवायचं नाही असं ठरलं होतं. तेवढं मला जमलेलं दिसत नाही. माफ करा.