मथुराताईंचा जुना रिपोर्ट

कृणाल: बघितलंत ना मॅडम? पापलेट विकायची हाक दिली की आवाज खणखणीत. साधं बोलायला सांगा, लगेच तुटतो. दोन वर्षं हेच चाललंय.

अक्षता: मथुराताई, आता हाक नको. नेहमीसारखं सांगा, आज काय जेवलात?

मथुरा: भा...त. बोंबलाचा का...लवण.

कृणाल: घरी चहा पाहिजे असला तरी बाजारातल्यासारखी ओरडते. अख्ख्या मढ गावाला कळतं, हिला चहा हवाय.

मथुरा: ओरडले तर शब्द नि...घतो, बाबू. नाटक नाय.

अक्षता: नाटक नाहीच. दुर्बिणीतून बघितलंय आम्ही. बोलताना मेंदूकडून चुकीचे इशारे येतात आणि स्वरतंतू मध्येच आवळतात. ओरडताना, गाताना कित्येकांचा आवाज सुटतो. या आजाराची खूणच आहे ती.

कृणाल: थांबा, मॅडम. आमच्याकडे रिपोर्ट आहे. घशात दोष नाही, कारण मानसिक. वर्षभर गोळ्या खाल्ल्या तिने.

अक्षता: चुकीचा आहे तो. गळ्यात इंजेक्शन देतात, तीन-चार महिने बोलणं बरंच मोकळं होतं. मग पुन्हा घ्यायचं.

कृणाल: म्हणजे खरंच... माझ्या साखरपुड्याला मी हिला घरी बसवलं. हेमांगीच्या घरच्यांना सांगितलं, आईला ताप आहे.

(मथुरा पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढून अक्षतासमोर ठेवते.)

अक्षता: कोणी लिहिलं हे असं... अरे देवा.

कृणाल: काय झालं?

अक्षता: सही माझी आहे. अंधेरीला होते तेव्हा. नोकरीचा दुसरा महिना. हाक ऐकली आणि वाटलं, एवढा आवाज निघतोय तर गळा ठीकच असणार. आजार पुस्तकात वाचला होता, समोर बसला तेव्हा ओळखला नाही.

कृणाल: आई, तुला माहीत होतं, याच मॅडम?

मथुरा: तों...ड कसा विसरेन? विचारत विचारत बोरि...वलीला आले.

अक्षता: माझ्यामुळे एवढं झालं, आणि परत माझ्याकडेच?

मथुरा: नवा कागद दुसऱ्या को...णी लिवला असता, तर ह्यो बोलला असता, पहिला कागद खरा. तू लिव...लंस, तूच खोड गो.

कृणाल: आई, मी...

अक्षता: खोडते. चूक माझी होती, असंही लिहून सही करते.

मथुरा: दोन क...र. एक हेमांगीच्या आयशीला द्यायचा हाय.