मिक्सरमधला कोळसा

मुलुंडच्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सुहासिनीबाई ताटकळत बसल्या होत्या. दुकानदाराने शेजारच्या जोडप्याच्या भांड्यातून काळी भुकटी झटकून दाखवली आणि तो आत गेला. मग दोघं हळू आवाजात भांडू लागली, म्हणजे बाईंना नीट ऐकू येईल इतपत हळू.

"मिहिर, कोळसा? माझ्या मिक्सरमध्ये?"

"लॅबचा क्रशर बंद होता ना यार. पोलादाच्या भट्टीचा कोळसा धुऊन किती साफ होतो, ते बघायचं होतं."

"मग जाडाभरडा धुवायचास."

"जाड ठेवला की दगड कोळशाच्या पोटातच राहतो. बारीक केला की सुटा होतो. मग पाण्यात फेस काढायचा. कोळसा फेसाबरोबर वर येतो, दगड खाली बसतो."

"बसला?"

"नाही ना. मी जास्तच फिरवला, पार पीठ झालं. दगडाची मातीही फेसाबरोबर वर आली. रिपोर्टची वाट लागली."

"भांडं तरी धुतलंस?"

"पुसलं होतं."

"परवा मी त्यातच कारळ्याची चटणी केली रे."

"मग तुला दिसलं कसं नाही?"

"काळ्यात काळं काय दिसणार? तुझ्या आई म्हणाल्या, इतकी बारीक तुझी पहिल्यांदाच झाली."

"आईने खाल्ली?"

"खाल्ली, आणि उरलेली डब्यात भरून वांद्र्याला तुझ्या मावशीकडे घेऊन गेल्या."

"अगं, मग फोन कर ना तिला."

"तू कर. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या हाताला चव आहे म्हटलंय. मी नाही सांगणार."