तोंड नसलेला लॅपटॉप

मी मूळची उमरेडची, ताई. आमच्या घरी माग होता, बाबा विणत, आई कांड्या भरे, सकाळपासून खटखट चालू, त्याच्यातच आमी भावंडं जेवलो, झोपलो, अभ्यास केला, तं मले कोणी म्हणलं असतं का तुले आवाजाचा तरास होईन तं माही आईच हासली असती. शिलाई मी तिथीच शिकली, मावशीच्या मशीनवर. दहावी होत नाई तं लगन लावून देलं, नागपूरले.

आमचे हे, म्हणजे शीतलचे बाबा, नागपूरच्याच जरीपटका वस्तीत एका फोटो स्टुडिओत व्हिडिओ शूटिंग करत. नंतर सोताचा कॅमेरा घेतला. सिंधी लोकायची लग्नं, आपल्या लोकायची लग्नं, बारसे, जयंतीचे कार्यक्रम, कोठीही बोलावलं का गेले. शूटिंग झालं का घरी त्या जाड्या लॅपटॉपवर बसून डीव्हीडी बनवत, एक पार्टीले अन् एक घरी. मी म्हणलं, काहून ठेवता लोकायची लग्नं आपल्या घरी, तं म्हणे, अवं कोणाची हरवली, कोणाची घासली गेली, तं ते कोठी जातीन. अन् येत बरं लोकं. एक बाई आली होती, तिचा भाऊ गेला, अन् त्याचा नाचतानाचा व्हिडिओ फक्त त्या एका लग्नात होता. चहाही घेतला नाई तिनं, डीव्हीडी छातीशी धरली अन् निंगाली.

मंग यायचे डोळे गेले. एकदम नाई गेले, काय सांगू तुमाले, एकदम गेले असते तं लवकर समजलं तरी असतं. काचबिंदू, तो बाजूबाजूनं खाते म्हणे. आमाले काय माहीत. लोकं तक्रार कराले लागले का भाऊ, नवरदेव दिसते, नवरी अर्धीच दिसते, मामा तं कटलाच, अन् हे त्यायच्याशी भांडत, का मी तं बराबर धरला होता कॅमेरा. मीही यायलेच बोलली, का लक्ष कोठी असते तुमचं. डॉक्टरकडे गेलो तंवर उशीर झाला होता. आता उजेड-अंधार तेवढा समजते, बाकी काई नाई. कॅमेरा विकला. नागपूरच्या बाहेर, बेसाले, हे दोन खोल्यायचं घर आधीच घेऊन ठेवलं होतं म्हणून बरं, तवा इकडे कोणी येत नव्हतं, आता पाहा कशा बिल्डिंगी झाल्या. मी ब्लाऊज शिवाले लागली अन् त्याच्यावरच घर चालते.

हे दिवसभर घरी. माह्या मशीनच्या बाजूले यायची खुर्ची, अन् समोर तो जुना लॅपटॉप. त्याच्या उजव्या अंगाले बटन होतं, ते दाबलं का ट्रे खट्‌कन बाहेर येई. बोटानं मधला खुंटा शोधाचा, डीव्हीडी त्याच्यावर दाबाची, ट्रे आत ढकलाचा, का आपोआप सुरू. डोळ्यायचं कामच नव्हतं त्यात. अन् डीव्हीडी ओळखाले मी त्यायले ब्लाऊजच्या कटपीसच्या पिशव्या शिवून देल्या होत्या. सिंधी लग्नायले मखमल, आपल्या लग्नायले सुती, गावच्या कार्यक्रमायले खरखरीत खण, शीतलच्या वाढदिवसायले सॅटिन. हात लावला का समजे. हा माहा एक चांगुलपणा सांगून ठेवतो ताई, कारण पुढं सांगाले दुसरा नाई.

अन् हे पाहत. हो, पाहतच म्हणा. आता हार घालून राहिले म्हणत, आता भंतेजी पंचशील देतीन, आता पाहा तो लाल शर्टवाला मामा नाचता नाचता पडते, अन् खरंच तिकडे आरडाओरडा होये. चेहरा असा फुलून जाये यायचा. पाणी मागा लागे, बाहेर जाताना खांदा धरा लागे, शर्ट सुलटा हाय का उलटा ते विचारा लागे, पण हे एक काम यायचं सोताचं होतं. याच्यासाठी कोणाले विचारायचं नव्हतं.

पण मी खरं सांगतो. मले कंटाळा आला होता. रोज कोणाचं तरी लगन, तोच बँड, त्याच बाया खिदळतेत, तोच मामा पडते. मशीन चालवता चालवता माहं डोकं उठे. लोकायची लग्नं ऐकून ऐकून म्हातारी झाली मी, असं वाटे. तोंडानं कधी बोलली नाई, भांडे मात्र आपटले असन.

शीतल, आमची एकुलती एक पोरगी, पुण्याले नोकरीवर हाय. मागच्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. म्हणे, आई, तुमचा लॅपटॉप किती जुना झाला, व्हिडिओ कॉल केला का तुमी दोघंही अडकून बसता, मी नवीन घेऊन देतो, जुना एक्स्चेंजमधे देऊन टाकू. फक्त एक हाय, नवीन लॅपटॉपले डीव्हीडीचा ड्राइव्ह नसते, आजकाल कोणी वापरतच नाई म्हणते दुकानदार, तं बाबा लावतेत का अजून?

माहा फोन वाजला का हे आवाज कमी करत, मले ऐकू यावं म्हणून. तवाही केला होता. एक लगन चालूच होतं, बारीक आवाजात. अन् मी तोंडातली सुई काढली अन् म्हणलं, नाई वं, कोठी लावतेत आता.

हाताच्या अंतरावर बसून होते ताई, अन् फोन स्पीकरवर. सगळं ऐकलं यायनं. मले वाटलं आता बोलतीन, अवं काय सांगतं पोरीले, रोज लावतो ना मी. पण फोन ठेवला तरी आवाज वाढवला नाई. थोड्या वेळानं बंद केलं, डीव्हीडी काढली, पिशवीत घातली. तवाच शीतलले परत लावून खरं सांगता आलं असतं मले. फोन माह्या हातातच होता. मी हुक लावत बसली.

दिवाळीले शीतल आली. पोरीनं मनानं चांगलंच केलं बरं, तिचा काई दोष नाई. जुना देण्याच्या आधी सुटीभर बसून जमली तेवढी लग्नं उतरवून घेतली, म्हणे, बाबा, सगळं नवीनमधे टाकून देतो, आईले सांगत जा, ते लावून देईन. हो बेटा, म्हणे. अन् जुना न्यायच्या दिवशी यायनं तो फडक्यानं पुसला, एकदा ट्रे उघडला, आत काई राहिलं का बोट फिरवून पाहिलं, बंद केला, अन् तिच्या हातात देला. मी तिथीच उभी होती.

अन् घर शांत झालं. मले बरं वाटलं, ताई. हेच मले खाते, का मले बरं वाटलं. लगनसराई होती, ब्लाऊजचा ढीग पडला होता. हे कधी म्हणत, लाव ना वं एखादं, अन् मी म्हणलं, थांबा जरा, एवढं काज होऊ द्या. काज झालं का फॉल, फॉल झाला का गिऱ्हाईक. मंग यायनं म्हणणंच सोडलं, अन् सोडलं हे माह्या ध्यानातही नाई आलं.

एक दिवस दुपारी मी एका बाईचे ब्लाऊज पोचवून आली. दार उघडंच होतं. पाहतो तं हे नवीन लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, एका हातात मखमलीची पिशवी, अन् दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या काठानं फिरवून राहिले. उजव्या अंगानं, समोरून, डाव्या अंगानं, मागून, परत उजव्या अंगानं. तो तं पाटीसारखा पातळ, त्याले कोठी काय असन. मंग उलटा करून पाहिला. अन् सोताशीच म्हणतेत, तोंड कोठी हाय गा तुहं?

मी काय केलं सांगू? आत जाऊन हात धरला असता, तं माणूस म्हणलं असतं मले कोणी. मी मागच्या मागं गेली, फाटकाची कडी वाजवली, खोकलली, अन् मंग आत आली. तंवर लॅपटॉप टेबलावर अन् पिशवी उशीखाली. मी म्हणलं, चहा ठेवू? ते म्हणे, ठेव.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन शीतलले सगळं सांगितलं, का मी खोटं बोलली होती. मंग म्हणे, आई, मी बाबालेच विचारणार होती, पण मले वाटलं तुले माहीत असन. बस, एवढंच म्हणे. तिनं बाहेरून जोडायचा वेगळा ड्राइव्ह पाठवला, वायरवाला. तो टेबलाले चिकटपट्टीनं पक्का बसवला, बटन हाताशी येईन असा. डीव्हीडी टाकली का आपोआप सुरू व्हावं ते मोबाईल दुकानवाल्याकडून करून घेतलं. झालं. तुमी म्हणसान, मंग आता काय राहिलं? मलेही तसंच वाटलं होतं.

आता हे लावतेत, पण विचारून लावतेत. लावू का वं? तुहं काम तं नाई ना चालू? सोताच्या घरात, सोताच्या हातानं शूट केलेलं लगन, अन् माणूस मले परवानगी मागते. खुर्ची-टेबल आतल्या खोलीत न्याले लावलं. आवाज इतका बारीक ठेवतेत का कान टेकवून बसा लागते. मी म्हणतो, वाढवा ना. तं म्हणतेत, नाई वं, तुले तरास होते. रागानं नाई म्हणत, ताई. रागानं म्हणलं असतं तं मी भांडली असती, रडली असती, मोकळी झाली असती. मायेनं म्हणतेत. माफी मागाले म्हणून मी किती वेळा त्या खोलीत गेली, अन् दरवेळी चहा देऊन परत आली.

जाऊ द्या. तुमचा ब्लाऊज झाला, बाही जरा ढिली ठेवली हाय, घालून पाहा. सुखी राहा, अन् तुमच्या घरी कोणी काई लावून बसलं असन तं बसू द्या त्यायले. आताही हे आत लावूनच बसले हाय. आपण इतक्या वेळच्या बोलून राहिलो, आला का तुमाले आवाज?